पाहून आलेले



आपल्यातील एका तरुण मातेने मला विचारले, "मावशी, मुलाला आपल्या चालीरीती शिकवील असा एखादा वर्ग सिंगापुरात आहे का?" त्या प्रश्नाच्या निमित्ताने आज चार शब्द बोलते. माझे सारे आयुष्य शुश्रूषेत गेले. तेव्हा दाखले रुग्णालयातले आले तर गोड मानून घ्यावेत.

१९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा व त्यांचे सहकारी यांनी ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका प्रौढाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडविले. पुढे ती मुले त्याच बाहुल्यापाशी आली, तेव्हा त्यांतील अनेकांनी तोच मारा केला आणि तेच शब्द उच्चारले. त्यांना 'असे कर' असे कोणीही सांगितले नव्हते. १९६५ च्या प्रयोगात मुलांनी चित्रपटात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली. त्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु "पाहिलेले करून दाखवा, खाऊ मिळेल" असे म्हणताच त्यांनीही ते इतर मुलांइतकेच करून दाखविले. म्हणजे शिकणे झालेलेच होते, ते केवळ आत दडून होते. मला या शोधाचे मोल पहिल्याहून अधिक वाटते. घरातले मूल काही करीत नाही, म्हणून ते काही पाहत नाही असे आपण समजतो.

वॉर्डात मी हेच वर्षानुवर्षे पाहिले. विद्यार्थिनींच्या वहीत हात धुण्याच्या पायऱ्या बिनचूक लिहिलेल्या असत. पण वरिष्ठ परिचारिका एका खाटेवरून दुसरीकडे हात न धुता गेली, की महिन्याभरात साऱ्या मुली तशाच जाऊ लागत. वही परीक्षेपुरती उरे. २००३ साली येथे सार्सची साथ आली. २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले. बाधितांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णसेवेतलेच होते. शाळकरी मुलांच्याही हाती तापमापक आले. त्या दिवसांत लेखी सूचना भराभर बदलत. मास्क आणि गाऊन चढविण्यापेक्षा उतरविणे अधिक धोक्याचे असते, कारण बाहेरच्या बाजूला हात लागता कामा नये. तो क्रम आम्ही कागदावरून कमी आणि शेजारणीच्या हातांकडे पाहून अधिक शिकलो. तिचा हात थांबला, की आपलाही थांबे.

आता आपल्याकडे वळते. कोकणात आपल्या पूर्वजांपाशी कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हते. शेमा, सुंता आणि शब्बाथ एवढे मात्र टिकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' म्हटले. दावीद राहाबींनी आपल्या स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली, आणि पंख व खवले असलेली त्यांनी वेगळी काढली, तेव्हा त्यांना आपली ओळख पटली, असे परंपरा सांगते. त्या बायांनी नियम वाचला नव्हता. आईचा हात पाहिला होता.

मात्र नुसत्या पाहण्याची उणीवही आपल्याच इतिहासात आहे. पेसाहला आपले लोक 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. आंबट अनाशीचे मडके झाकून ठेवीत. झाकणे राहिले, कारण विसरले. पुढे कोचीनहून शिक्षक आले, मराठीत पुस्तके छापली गेली, तेव्हा त्या झाकणाचा अर्थ परत मिळाला. अनुकरणाला आपण 'माकडचाळे' म्हणतो, तेही खरे नव्हे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पारदर्शक पेटी उघडताना चिंपांझींनी दाखविलेल्या निरर्थक क्रिया गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी त्याही इमानाने केल्या. मडके झाकणारे आपण त्या मुलांचेच भाऊबंद! हसू नये, त्या इमानामुळेच तर अर्थ परत येण्यासाठी जागा शिल्लक राहिली.

वॉटरलू स्ट्रीटवरील मागेन आबोथ हे सिनेगॉग १८७८ सालचे, बगदादी बांधवांनी उभारलेले. तेथे आपल्याला आपलेपणा मिळतो. पण आपली हातबोशी, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या हातांना हात लावून बोटे ओठांशी नेणे, आपले सूर आणि आपला मालिदा मुलाने पाहावा कोठे? घरातच. आणि घरी शुक्रवारी आई कचेरीतून उशिरा येते, स्वयंपाक मदतनीस करते, किद्दुशच्या मेजावर वडिलांचा फोन उजळतो. मूल तेही शिकते, अगदी मन लावून.

म्हणून त्या मातेला मी वर्गाचा पत्ता दिला नाही. वर्ग हवाच, पण तो कारणे सांगण्यासाठी. हात घडतो तो घरी. येत्या मालिद्याला मुलांना ताट मांडल्यावर नव्हे, तर पोहे भिजविण्याच्या वेळीच आणावे. एलियाहू हन्नाबींचे नाव का घेतो, हे त्यांनी विचारले तर हातातले काम थांबवून सांगावे. नारळ खवताना थोडे खोबरे सांडेल, तर सांडू द्यावे.