तार एका दिवसात तुटत नाही

माउली, येताना मंडपाबाहेर पाहिलं, मोटारसायकलींची रांगच लागली आहे. पूर्वी माणसं बैलगाडीनं कीर्तनाला येत. गाडी जुंपण्याआधी घरातला म्हातारा आखाला वंगण घाली, जोतं हातानं ओढून पाही. आता? किल्ली फिरवली की निघाले!

दुसऱ्याला कशाला बोलू? माझीच गोष्ट सांगतो. सासवडकडचं कीर्तन आटोपून रात्री दिवे घाट उतरत होतो. गाडी माझी, चालवणारा आमचा मृदंगमणी, मी मागं पखवाज मांडीवर धरून बसलेलो. वळणावर पोरगा ओरडला, "महाराज, पुढचा ब्रेक गेला!" दांडी दाबली तर थेट मुठीला टेकली. पुढं ट्रक, बाजूला दरी. पोरगा शहाणा, घाबरला नाही. गिअर खाली घेतला, पायाचा ब्रेक हळूहळू दाबत गाडी कडेला लावली. मुखात फक्त विठ्ठल होता.

बॅटरी लावून पाहिलं. ब्रेकची तार म्हणजे एक तार नसते, बरं का. पुष्कळ बारीक तारांना पीळ दिलेला असतो. त्यातल्या बहुतेकांची टोकं गंजून काळी पडलेली. ताजी तुटलेली, चकाकणारी टोकं फक्त तीन-चार! म्हणजे बाकीच्या केव्हाच तुटल्या होत्या. एकेक तुटत होती, दांडी जड लागत होती, आणि मी म्हणत होतो, "चालतंय की!"

पोरगा म्हणाला, "महाराज, कीर्तनाआधी मी पखवाजाची वादी तपासली, गट्टे ठोकले, कणीक लावली. गाडीकडं कुणीच पाहिलं नाही." काय उत्तर देणार? मान खाली घातली.

तेव्हापासून नेम केला. महिन्यात दोन एकादश्या. त्या दिवशी गाडी पाहायचीच. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवायचं, केबल कुठं ताणते का पाहायचं. दांडीवरचं रबर सरकवून तार निरखायची. एक जरी धागा सुटलेला दिसला, तरी केबल बदलायची. उद्यावर टाकायचं नाही. आरसा, पाय ठेवायची दांडी, कॅरिअर, सायलेन्सर हातानं हलवून पाहायचं. खडखड ऐकू आली तर ती गाडीची हाक समजायची. चाकाच्या आखाचा नट पाहायचा. मात्र जोर दाखवून आवळू नका, आटे गेले की नट धरतच नाही. स्वतःला जमत नसेल तर मिस्त्रीकडं न्या.

माउली, रस्त्याचा हादरा कुणाला चुकत नाही. हादऱ्यानं नट सैल होणारच. तो दोष नव्हे. सैल झालेला पाहायचाच नाही, हा दोष. मनाचंही तेच. आज काकडा चुकला, उद्या हरिपाठ राहिला, परवा घरात वेडावाकडा शब्द गेला. एकेक तार तुटते, आवाज होत नाही. मग घाटात एकदम तुटली की आपण देवाला विचारतो, "माझ्यावरच का?" अरे, देवानं खडखड आधी ऐकवली होती!

घरी लेकरं वाट पाहतात. आज निघताना दर्शन घ्या, आणि गाडीजवळ दोन मिनिटं थांबा. दांडी दाबून पाहा. मग किल्ली फिरवा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!