संगणक लिहू लागला, मग आपण काय करायचं?

मैत्रिणींनो, आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. या कार्यक्रमात आपण कधी परतफेडीवर बोलतो, कधी शेळीच्या विम्यावर, कधी अंगातल्या रक्तावर. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण हल्ली गटाच्या बैठकीत तो सारखा निघतो. "ताई, पोरगी तालुक्याला कॉम्प्युटरवर काम करते. आता म्हणे ते काम मशीनच करणार. मग हिचं काय?" असा प्रश्न आई विचारते, सासू विचारते, आणि गटाचं दप्तर लिहिणारी बाई तर स्वतःसाठीच विचारते.

पूर्वी आपल्या घरातल्या बायका शेतात, भट्टीवर, नाहीतर शिवणयंत्रावर असायच्या. आता लेकीसुना डीटीपी करतात, कर सल्लागाराच्या कचेरीत बिलं चढवतात, वकिलाकडे टायपिंग करतात, शाळेत शिकवतात, भाषांतर करतात, कॉल सेंटरला बसतात. हे डोक्याने करायचं काम. त्यासाठी आपण पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवलं. म्हणून आज याच कामांबद्दल बोलू.

आधी हे यंत्र काय करतं ते समजून घेऊ. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय. चॅटजीपीटी नावाचं साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून हा शब्द घराघरात आला. अशा साधनाला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधत ते लिहीत जातं. आपण "अडला हरी" म्हटलं की पुढचं "गाढवाचे पाय धरी" सगळ्याजणींच्या तोंडी आपोआप येतं ना? तसंच काहीसं, पण फार मोठ्या प्रमाणावर आणि क्षणात.

त्यामुळे त्याची भाषा गुळगुळीत असते. पण वाक्य नीट जुळलं म्हणजे माहिती खरी असते असं नाही. नसलेल्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखसुद्धा ते ठसक्यात लिहून देऊ शकतं. अमेरिकेत २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात असंच घडलं. वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल आपल्या कागदपत्रांत जोडले. ते निकाल कधी लागलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला, आणि तो वकिलांना केला, यंत्राला नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोणती कामं जाणार? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात सगळ्यात जास्त झळ कारकुनी कामांना बसेल असं दिसलं. त्या कामांतल्या २४ टक्के भागावर मोठा परिणाम होऊ शकतो आणि आणखी ५८ टक्के भागावर मध्यम. अशा कामांत बायका जास्त असल्यामुळे झळही बायकांना जास्त. पण त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की बहुतेक नोकऱ्या अख्ख्या जाणार नाहीत, त्यातली काही कामं जातील.

नोकरी म्हणजे अनेक कामांचं गाठोडं. ते सोडून बघितल्याशिवाय काय जाणार आणि काय राहणार हे कळत नाही. म्हणून गटात आम्ही एक साधी गोष्ट करून घेतो. वहीच्या पानावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात दिवसभराची कामं लिहायची, अगदी बारीकसारीक. दुसऱ्यात, यातलं यंत्राला काय जमेल. तिसऱ्यात, कुठे माणूस लागतो आणि का.

गटाचं दप्तर लिहिणारीचं पान बघा. बचतीची बेरीज यंत्राला जमते. १२ जणी, दरमहा १०० रुपये, वर्षाचे १४,४०० रुपये, हे फोनही सांगतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो दिला तर तक्ताही तयार होतो. पण हाताने लिहिलेला १ आणि ९ यांत गफलत झाली तर? १०० चे ९०० होतात. ते कोण पकडणार? जिला ठाऊक आहे की आपल्या गटात महिन्याला ९०० कुणीच भरत नाही, ती. हप्ता का चुकला, नवरा आजारी आहे की पैसे दुसरीकडे गेले, हे कुठल्याच पानावर नसतं. भांडण न होऊ देता वसुलीचं बोलणं यंत्राला करता येत नाही. म्हणजे बेरीज गेली, पण हिशोबाची जाण राहिली.

डीटीपीवालीचं पान वेगळं. तिथे गिऱ्हाईक आता अर्ज फोनवरच तयार करून आणतं आणि म्हणतं, नुसती प्रिंट दे. पानामागे पैसे घेणारीचं उत्पन्न इथे कमी होणार, हे उघड बोललेलं बरं. तिने आता पानाचे नाही, कामाचे पैसे घ्यायला शिकावं. वारसनोंदीचा अर्ज बरोबर झालाय का, सोबत कोणते कागद लागतात, सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे बघून देण्याचे पैसे. लोक टायपिंगसाठी येत होते तेव्हाही ही माहिती ती फुकट देतच होती.

भाषांतर करणाऱ्या मुलींना तर हे अजून लागू पडतं. यंत्राचं मराठी सुधारतंय, पण बँकेच्या कागदातला 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज की रस, बैठकीचे 'मिनिट्स' म्हणजे इतिवृत्त की मिनिटं, 'बॅलन्स' म्हणजे शिल्लक की तोल, हे संदर्भ बघून ठरतं आणि तिथे ते घसरू शकतं. कर्जाच्या कागदात असा एक शब्द चुकला तर अंगठा देणारी बाई फसते. मूळ कागद आणि मराठी कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासणारी मुलगी लागणारच आहे. फक्त तिला दोन्ही भाषा पक्क्या हव्यात आणि त्या विषयातले शब्दही.

तीनही पानांत एकच गोष्ट दिसते. टायपिंगच्या परीक्षेचे दाखले आठवा, मिनिटाला ३० शब्द, मिनिटाला ४० शब्द. आपण वेग शिकलो आणि वेगाचे पैसे मिळाले. यंत्राने वेग स्वस्त केला. इथून पुढे पैसे मिळतील ते तपासण्याचे, विषय कळण्याचे, माणसांशी बोलण्याचे आणि "हे बरोबर आहे" म्हणून सही करण्याचे. करिअर बदलायचं म्हणजे सगळं टाकून नवीन शिकायचं असं नाही. जे काम करतो त्यातच पहिल्या रकान्यातून तिसऱ्या रकान्याकडे सरकायचं.

आता पैशांचं बोलू. एका गटात अंतर्गत कर्जासाठी अर्ज आला. लेकीच्या एआयच्या कोर्ससाठी ४०,००० रुपये. जाहिरातीत मोठ्या पगाराची हमी. मुलगी कर सल्लागाराच्या कचेरीत बिलं चढवण्याचं काम करायची, पगार ९,००० रुपये. नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान, हो म्हणावं तर घर अडकणार. बायकांनी आधी हिशोब मांडला. २० महिन्यांची फेड, महिना २ टक्के व्याज. पहिला हप्ता २,००० मुद्दल आणि ८०० व्याज, म्हणजे २,८०० रुपये. पगारातले उरले ६,२००. त्यातून एसटीचा पास, डबा आणि घरखर्च.

मग त्यांनी मुलीलाच बैठकीला बोलावलं आणि विचारलं. कोर्समध्ये नेमकं काय शिकवणार, ते लेखी दिलंय का? तुझ्या कामात त्यातलं काय लागेल? आधी शिकून गेलेल्या दोघी-तिघींशी बोललीस का? पैसे परत मिळण्याची अट काय? पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पण बोलता बोलता कळलं, की कचेरीत सगळ्यात जास्त अडतं ते दुकानदाराकडची खरेदीची बिलं आणि जीएसटीच्या पोर्टलवर दिसणारी बिलं जुळत नाहीत तेव्हा. बिल जुळलं नाही तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट अडते, आणि दुकानदार हातघाईवर येतो.

गटाने कोर्सला कर्ज दिलं नाही. जुना लॅपटॉप घ्यायला १५,००० दिले, १० महिन्यांच्या फेडीवर. मुलगी फुकट मिळणाऱ्या धड्यांवर शिकली. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर शिकण्याची फी नाही, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे भरावे लागतात. आता बिलं चढवायला ती यंत्राची मदत घेते आणि न जुळलेली बिलं शोधून दुकानदारांशी बोलण्याचं काम तिच्याकडे आहे. पगार अजून फारसा वाढलेला नाही. कचेरीने तिच्या जोडीला नवी मुलगी घेणार होते, ती घेतली नाही. हेही सांगायलाच हवं. एकीची जागा टिकली, दुसरीला दार उघडलंच नाही.

ज्या मुली आत्ता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांना म्हणूनच जास्त सावध व्हायला हवं. नुसता कॉम्प्युटर येतो, टायपिंग येतं, यावर पहिली नोकरी मिळणं अवघड होत जाणार. सोबत एक विषय धरा. हिशोब आणि कर, जमिनीचे कागद, दवाखान्याचं काम, शेतीमालाचा व्यापार, लहान मुलांचं शिक्षण, कोणताही एक. त्यातल्या माणसाजवळ सहा महिने बसून शिका. यंत्राने दिलेलं उत्तर चुकलंय हे ओळखायला आधी बरोबर काय ते माहीत असावं लागतं.

दोन धोके सांगते राहतो, कारण त्यात बायकाच जास्त अडकतात. "घरबसल्या एआयचं काम, आधी नोंदणी फी भरा" असे मेसेज येतात. काम देणारा आपल्याकडून पैसे मागत नाही, मागितले की समजायचं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबवण्याची आशा जास्त.

दुसरा धोका आपल्या हातून इतरांना. काम पटकन व्हावं म्हणून गटाची यादी, आधार क्रमांक, पासबुकचे फोटो, कुणाच्या आजाराचे कागद अशा साधनात टाकू नका. बायकांनी ते आपल्यावर विश्वासाने दिलेले असतात. २०२३ साली माणसांच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी देशात कायदाही झाला आहे. मदत हवीच असेल तर नावं आणि क्रमांक झाकून टाका. आधारची प्रत द्यावी लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आणि शेवटचं, घरातलं. शिकायला वेळ लागतो. रोज तासभर धरला तरी तो कुठून येणार? मुलगा फोन घेऊन बसला तर तो अभ्यास करतो, आणि सून बसली तर "सारखी मोबाइलमध्ये असते." संध्याकाळच्या भाकरी, पाणी, धुणं आटोपून रात्री अकराला डोळे मिटत असताना कुणाला काय शिकता येणार? जिथे घरच्यांनी एक तास ठरवून दिला, त्या वेळी चूल दुसऱ्या कुणी सांभाळली, तिथेच मुली पुढे सरकलेल्या आम्ही बघितल्या आहेत. सासूबाई, हे तुम्हालाही सांगणं आहे. हप्ता भरायला तिचा पगार लागतो, तर तो पगार टिकवायला तिचा हा तासही लागतो.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या ज्या घरात असं बसून करायचं काम करणारी कुणी आहे, तिला तीन रकान्यांचं पान भरून आणायला सांगा. बचत, कर्ज आणि परतफेड झाली, हिशोब लिहून झाला, की दहा मिनिटं ती पानं मोठ्याने वाचा. एकीच्या तिसऱ्या रकान्यात जे असेल, ते दुसरीला शिकवता येईल. कर्जाचा अर्ज आलाच तर मघाचे चार प्रश्न विचारा, आणि जिच्यासाठी कर्ज आहे तिला समोर बसवून विचारा.

पुढच्या भागात खरीप पीक विम्याच्या कागदांवर बोलू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.