पुलावरचे फूट आणि आपला उंबरा

पावसाळा लागला की सांगलीत सगळ्यांचे कान एकाच आकड्याकडे असतात. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. दूध-भाजी घेऊन सांगलीला जाणाऱ्या आपल्या बायकांनाही हे आकडे पाठ आहेत. पण पुलाशी अमुक फूट म्हणजे कुणाच्या चुलीपाशी किती, हे २०१९ पर्यंत आम्ही कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीतल्या एका गल्लीत आमच्या संघाचे दोन गट आहेत. तिथल्या बायका घर सोडेनात. त्यात वेडेपणा नव्हता, हिशेब होता. २००५ च्या पुरात पाणी त्यांच्या जोत्याशी थांबलं होतं, तेव्हा आत्ताही थांबेल. पण २००५ ला पुलाशी होतं ५४ फुटांच्या आसपास. या वेळचे वरचे तीन फूट थेट घरात आले. शिलाई मशीन, गहू-तांदूळ, गटाच्या वह्या, पासबुकं, सगळं पाण्यात. आणि हेही सांगायला हवं की, त्या फोनवर विचारत होत्या तेव्हा ‘बघा, अजून एक दिवस थांबा’ असं आम्हीच म्हणालो होतो.

पूर ओसरल्यावर चिखल काढायला गेलो, तेव्हा सूर्यवंशी प्लॉटकडची एक मावशी बरोबर होती. तो भाग खोलगट. इशाऱ्याचे ४० फूट व्हायच्या आधीच तिथं पाणी शिरायला लागतं. त्यामुळं तिचं सामान जूनपासूनच माळ्यावर. ती म्हणाली, “तुम्ही नदीकडं बघत बसता. पाणी मागनं येतं.” खरंच आहे. नदी चढली की शेरीनाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट नदीच नाल्या-गटारांतून गावात शिरते. पुढच्या दारात कोरडं आणि मोरीतून पाणी वर, असं कितीतरी घरांत झालं होतं.

मग तिलाच घेऊन आम्ही गल्ली फिरलो. प्रत्येक घरात एकच प्रश्न. तुमच्या जोत्याला पाणी लागलं तेव्हा पुलाशी किती होतं? कुणी मुलाच्या मोबाइलवरचा मेसेज काढला, कुणी जुना पेपर. कुणाचा आकडा ५१, कुणाचा ५४. एकाच गल्लीत तीन फुटांचा फरक! तो आकडा रंगानं दाराच्या चौकटीवर लिहिला. घरमालकांनी थोडी कुरकुर केली. शिवाय गटाच्या वहीत वेगळं पान केलं: बाळंतीण कुठं, अंथरुणावरचं माणूस कुठं, कुलूप लावून कामाला जाणारी कोण.

निघायचं कधी, यावर मात्र भांडणं झाली. पुरुष म्हणाले, सरकारी माणूस सांगेल तेव्हा. बायकांनी ठरवलं, पुलाशी ४५ झालं आणि कोयनेतून विसर्ग वाढतोय असं कळलं, की म्हातारी माणसं आणि लेकरं दिवसाउजेडी बाहेर. होडी येईल म्हणून थांबायचं नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, ते कोण विसरेल?

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या जवळ गेलं. त्या गल्लीतल्या घरांत पाणी आलं, पण घरं रिकामी होती. वह्या आमच्याकडं कोरड्या होत्या.

अडली ती सूर्यवंशी प्लॉटकडची मावशीच. जिनं सगळ्यांना शिकवलं, ती सगळ्यांत शेवटी निघाली, रात्री, कमरेएवढ्या पाण्यातून, दोन म्हशींचे कासरे धरून. आम्ही रागावलो तर म्हणाली, “मला शाळेत जागा दिली गं. हिला कुठं दिली?” आमच्या वहीत माणसांचं पान होतं, जनावरांचं नव्हतं.

ते पान आता आपल्या गावांतून भरायचं आहे. ज्यांचं घर उंचावर आहे आणि गोठ्यात आठ-पंधरा दिवस दोन जनावरं सामावतील, त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडं नाव द्यावं. वैरण कुणी द्यायची आणि दूध कुणाचं, हेही आत्ताच बोलून घ्या. त्या मावशीनं तर सांगून ठेवलंय, दूध अर्धं-अर्धं.