खर्ज भरत नाही



हाताने घडवलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवल्यासारखी लागतात. विणकाम असो, मातीकाम असो. जीव ओतून केलेलं काम पुढ्यात ठेवावं आणि बघणाऱ्याने पहिल्या वाक्यातच खोट काढावी, हे पचवायला अवघडच. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्या कारागिरांना मात्र हे रोजचं आहे, आणि त्यांच्याकडून ते शिकावं असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि मिरजेत सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्यावरच्या नक्षीचं कौतुक कुणीही करतो. पण वाद्याचा प्राण असतो घोडीत. तबलीवरच्या या रुंद घोडीवर तारा टेकतात. तिचा माथा कानशीने असा घासायचा, की हलती तार त्याला अलगद शिवत राहील. मग तारेखाली दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती सापडली की टणटण वाजणारी तार झंकारू लागते. हीच जवारी. केसाएवढा फरक पडला तरी आवाज मिटतो. आणि जवारी लागली की नाही, हे ठरवतो गाणाऱ्याचा कान.

एका कारखान्यात, तिथल्या कारागीर चाचांकडे, मी हे जवळून पाहिलं. एका गायिकेने नवा तंबोरा आपल्या सुरात मिळवून छेडला आणि म्हणाली, “चाचा, खर्ज भरत नाही. पत्र्यासारखा वाजतोय. भोपळा लहान घेतलात का?” भोपळा चाचांनी स्वतः पारखून घेतलेला. तरी त्यांनी त्याची बाजू मांडली नाही. एवढंच विचारलं, “ताई, कुठल्या पट्टीत गाता?” ती म्हणाली, “काळी पाच.” जवारी काढली होती काळी चारला. वरच्या पट्टीत ताण वाढला की तार घोडीवर वेगळी बसते. चाचांनी तार सैल केली, कानशीचे दोन हलके हात मारले, दोरा किंचित मागे घेतला आणि तंबोरा पुन्हा तिच्या हाती दिला. खर्जाच्या जाड तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येऊ लागला. तिने मान डोलावली आणि लगेच म्हणाली, “आता जोड जरा जास्त बोलतेय.” जोड म्हणजे मधल्या दोन तारा. चाचांनी पुन्हा कानस उचलली.

तिची तक्रार खरी होती, तिने लावलेलं कारण तेवढं चुकीचं होतं. टीका ऐकताना ही दोन्ही वेगळी करता आली पाहिजेत. आपण बहुतेक जण त्या चुकीच्या कारणावर भांडत बसतो आणि खऱ्या तक्रारीला मुकतो. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची जाण होती. असा, कारणही अचूक सांगू शकणारा टीकाकार लाभणं हे भाग्यच, पण प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ती अपेक्षा कशी करणार? दुखणं त्याने सांगावं, उपाय आपण शोधावा.

काही तक्रारी आवडीच्याही असतात. कुणाला जवारी खुली लागते, कुणाला गोल. तिथे दोष कुणाचाच नाही. गाणाऱ्याला हवी तशी ती काढून द्यायची, एवढंच.

चाचांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. “तंबोरा कसा वाटला?” असं ते कधी विचारत नाहीत. त्यावर छान म्हणून माणूस मोकळा होतो. ते विचारतात, “पंचम आणि जोड सारखे बोलतात का? खर्ज किती वेळ टिकतो?” असं विचारलं की समोरच्यालाही नीट कान द्यावा लागतो. त्या वेळी शिकाऊ पोराला ते मुद्दाम शेजारी बसवतात. घोडी त्याने घासलेली असली, तर उत्तर त्यानेच ऐकायचं.

पुढे रियाजाने घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी उतरते. म्हणून तंबोरा गवसणीत घालून देताना चाचा प्रत्येकाला बजावतात, “आवाज पडल्यासारखा वाटला, की लगेच घेऊन या.”