जमिनीवर घट नाही

‘नास्तिक’ या शब्दाचे भांडण मुळात ईश्वरावरून नव्हतेच. मनुस्मृतीच्या व्याख्येप्रमाणे वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून निरीश्वर सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीला बसले आणि जैन-बौद्ध बाहेर राहिले. आज हा शब्द ईश्वर न मानणाऱ्यालाच लावतात. त्या अर्थाने नास्तिक्य तर्काला धरून आहे काय, एवढाच प्रश्न या सभेपुढे आहे. नास्तिक माणूस सज्जन असतो की नाही, हा प्रश्न मध्येच घुसवणे ही जुनी पळवाट आहे.

नेहमीचा आक्षेप असा, की ‘नाही’ हे सिद्धच करता येत नाही, म्हणून नास्तिक्य हीही एक श्रद्धाच. असे म्हणणाऱ्यांनी न्यायशास्त्र उघडूनही पाहिलेले नसते. ‘जमिनीवर घट नाही’ हे नैयायिकांचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, घट असता तर दिसलाच असता. दिसत नाही, म्हणून नाही. डब्याचे झाकण काढून ‘साखर संपली’ म्हणणारा माणूस श्रद्धा व्यक्त करत नसतो. अट एकच, वस्तू दिसण्याजोगी हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि नास्तिकांची खरी अडचणही इथेच सुरू होते.

‘दिसत नाही म्हणून नाही’ एवढ्यावर थांबणाऱ्या चार्वाकाची उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त यथेच्छ खिल्ली उडवली आहे. असा चार्वाक घराबाहेर पडला की बायकापोरे दिसेनाशी होणार. मग त्याने परत फिरू नये, ती गेलीच म्हणून रस्त्यात ऊर बडवावा! व्यासपीठावर टाळ्या घेणाऱ्या आजच्या नास्तिकांनाही हा टोला बसतो. प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण मानले, तर धुरावरून अग्नी ओळखण्याचीही सोय उरत नाही. शिवाय अनुमान खोटे, हे ज्या युक्तिवादाने ठरवायचे तोही अनुमानच. इथे विसंगतीचा आरोप खरा आहे. पुरंदर नावाच्या चार्वाकाने तो ओळखला आणि लोकव्यवहारातले अनुमान मान्य करून फक्त लोकापलीकडचे नाकारले. मराठीत आ. ह. साळुंखे यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’तले ‘नास्तिकशिरोमणी’ हे दूषण उलटवून पुस्तकाचे नावच ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ ठेवले. नाव झकास आहे. पण अनुमानाची गाठ सुटते ती पुरंदराच्या वाटेने.

नास्तिक्याचा सर्वांत भक्कम तर्क मात्र एका कट्टर वैदिकाच्या घरी सापडतो. ‘श्लोकवार्तिका’त कुमारिल भट्ट विचारतात: शरीर नसलेल्याला जग घडवण्याची इच्छा कशी व्हावी? शरीर असेल तर ते कोणी घडवले? करुणेपोटी जग घडवले म्हणावे, तर सृष्टीआधी करुणा करायला होते कोण? आणि करुणाच होती, तर निव्वळ सुखाचे जग का नाही घडवले? (त्याच ग्रंथाचा मंगलश्लोक चंद्रकोर धारण करणाऱ्याला वंदन करतो, टीकाकार पार्थसारथी मिश्र तो यज्ञालाही लावून दाखवतात. पंडितांच्या कसरती पाहण्यासारख्या असतात.) या प्रश्नांत ‘दिसत नाही’ याचा आधार कुठेच घेतलेला नाही. कर्त्याला लावलेली विशेषणेच आपसात भांडतात, एवढे दाखवले की काम भागते. वंध्यापुत्र नाही हे सांगायला गावोगाव हिंडावे लागत नाही.

उदयनांचे म्हणणे असे, की ईश्वर दिसण्याजोगाच नाही, तेव्हा न दिसण्याने त्याचा अभाव ठरत नाही. उत्तर बिनतोड आहे, पण ते भक्ताला महागात पडते. ज्याला नवस बोलले जातात, जो मूल देतो, पाऊस पाडतो, कोर्टाचा निकाल फिरवतो, तो स्वतः दिसत नसला तरी त्याचे काम दिसण्याजोगे आहे. तिथे घटाचा न्याय लागतो. वादात अगम्य आणि देवळात पावणारा असा ईश्वर आलटून-पालटून पुढे करणे, ही विसंगती आस्तिकांच्या खात्यावर जमा आहे. पावणाऱ्या देवाला घटाचे उत्तर आणि जगत्कर्त्याला वंध्यापुत्राचे, अशी दोन निरनिराळी उत्तरे नास्तिकाने द्यायची असतात. त्यांची सरमिसळ केली की तो फसतो. काहीच न करणाऱ्या निर्गुण ब्रह्मापाशी नाकारण्यासारखे फारसे उरत नाही.

खुद्द उदयनांची एक आख्यायिका आहे. ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तर देवळाचे दार बंद. ग्रंथात ईश्वराला इंद्रियांच्या आवाक्याबाहेर ठेवणारे आचार्य त्या दाराशी उभे राहून देवावर संतापले: ऐश्वर्याच्या मदात आज माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध चालून आले होते तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती होते.