उत्तर येईपर्यंत अर्ज थांबवणे

ऑनलाइन अर्जातली काही माहिती ब्राउझर जागच्या जागी तपासू शकतो, काही नाही. उदाहरणार्थ पिनकोड: महाडचा ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. आकडे सहाच आहेत ना, पहिला शून्य नाही ना, हे जावास्क्रिप्ट क्षणात सांगते. पण तो पिनकोड लिहिलेल्या गावाचा आहे का, किंवा दिलेला मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे का, हे सर्व्हरलाच विचारावे लागते.

घोळ इथेच होतो. ‘पाठवा’ दाबताच सबमिट इव्हेंटचे फंक्शन चालते. ते सर्व्हरला विचारणा करते, उत्तराची वाट न पाहता संपते आणि अर्ज निघून जातो. उत्तर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये ‘रिटर्न फॉल्स’ लिहिण्याची नवशिक्यांना फार सवय. त्याचा उपयोग शून्य. आंबेनळी घाटाकडच्या वाडीत रेंज कमी असली की ही चूक ठळक दिसते, एवढेच. शहरातही ती असतेच.

म्हणून फंक्शनच्या सुरुवातीलाच, पहिल्या ‘अवेट’च्या आधी, ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ने अर्ज रोखायचा. बटण बंद करून ‘तपासणी चालू आहे’ असे दाखवायचे. ‘फेच’ने विचारायचे, ‘अवेट’ने उत्तरासाठी थांबायचे. सगळे ठीक असेल तर फॉर्मची ‘सबमिट’ मेथड चालवायची. तिने सबमिट इव्हेंट पुन्हा उठत नाही, त्यामुळे तपासणीचा फेराही पुन्हा सुरू होत नाही. मात्र बटणाचे नावच ‘सबमिट’ ठेवले तर ही मेथड झाकली जाते, आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

टाइप करतानाच तपासायचे असेल तर आणखी एक पेच. कोणी आधी ४०२३०१ लिहिले, मग ४०२३०३ केले आणि पहिले उत्तर उशिरा आले, तर बरोबर पिनकोडखाली चुकीचा शेरा उमटतो. नवी विनंती पाठवताना जुनी ‘अबॉर्ट कंट्रोलर’ने रद्द करावी.

सर्व्हरने ५०० ही त्रुटी दिली तरी फेच तिला अपयश मानत नाही. ‘ओके’ हा गुणधर्म वेगळा पाहावा लागतो. अशा वेळी ‘क्रमांक चुकीचा’ असे न लिहिता ‘तपासता आले नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहावे.

एवढे करूनही एकच मोबाइल क्रमांक महाड आणि पोलादपूरच्या दोन केंद्रांतून एकाच वेळी तपासला गेला, तर दोघांनाही ‘उपलब्ध’ हेच उत्तर मिळते. त्यातला दुसरा अर्ज नाकारण्याचे काम डेटाबेसमधल्या युनिक बंधनाचे आहे.