मुक्कामातील विंचू

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हणतात ते पिले पाठीवर वाहणाऱ्या मादीवरून. सुटीत मुलाबाळांसह कोकणातील मूळ गावी निघालेल्या बडोद्याच्या किंवा इंदूरच्या कुटुंबाचेही बिऱ्हाड तसेच पाठीवर असते. आणि वर्षभर बंद राहिलेल्या घराचे कुलूप ते काढते, तेव्हा आत दुसरे बिऱ्हाड आधीच नांदत असण्याचा संभव असतो.

काळा थोराड विंचू पाहून मनुष्य दचकतो. परंतु कोकणात प्राणावर बेतते ते लहानशा तांबड्या विंचवामुळे. जांभ्या दगडांच्या फटी, लाकडांची रास, कौलांचा ढीग ही त्याची दिवसाची वस्ती. रात्री तो भक्ष्यासाठी हिंडतो आणि उजाडण्यापूर्वी सापडेल त्या काळोख्या जागेत शिरतो. मग तो पाहुण्याचा बूट का असेना! म्हणून प्रवाशाने पादत्राण झटकल्यावाचून पाय आत घालू नये, अंथरूण भिंतीपासून दूर घालावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात आणि रात्री अंगणात अनवाणी उतरू नये. अतिनील किरणांत विंचू हिरवट चकाकतो. तशी विजेरी आता बाजारात मिळते.

इतके करूनही दंश झालाच तर? ठणका उतरू लागला की विष उतरले असे समजून मांत्रिकापुढे नारळ ठेवला जातो. घात होतो तो येथेच. नुसताच असह्य ठणका असलेला मनुष्य बहुधा वाचतो. परंतु वेदना बेताच्या असून ज्याला दरदरून घाम सुटला आहे, वांत्या होत आहेत, हातपाय गार पडले आहेत, त्याच्या हृदयावर विषाचा आघात चालू असतो. पुढे फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रोगी उशाशी बसून न्याहाळले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध १९८० नंतरच्या दशकात या दंशावर योजले. पुढे त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लसही आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा गावी पोहोचताच जवळचे रुग्णालय कोठे, हे विचारून ठेवावे. दंशाच्या जागी चिरा देण्यात वा दोरी आवळण्यात वेळ दवडू नये. मूल असल्यास तर तडक गाडी काढावी. औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते, कारण ते घेतल्यावर रोगी एकदम उठून उभा राहिला, तर रक्तदाब उतरून त्याला भोवळ येते.